सिस्टीम घेत नाही

सरकारी खिडकीवर, बँकेत, कॉलेजच्या ऑफिसात हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं: "सिस्टीम घेत नाही." खिडकीपलीकडच्या माणसाचा त्यात दोष नसतो. त्यानं आपण सांगितलेली माहिती टाइप केली, बटण दाबलं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. त्याच्या लेखी विषय संपला. बहुतेक वेळा आपल्याही लेखी संपतो. पाऊस पडत नाही, लाइट येत नाही, तशी सिस्टीम घेत नाही. त्यामागे कुणीतरी कधीतरी घेतलेला निर्णय आहे, हे त्या वाक्यातून पुसलं गेलेलं असतं.

हा निर्णय नेमका कुठे राहतो? याचं उत्तर शोधायला डिरेक्टरी सर्व्हर ही चांगली जागा आहे. नाव अनोळखी वाटेल, पण आपण रोज त्याच्याशी व्यवहार करतो. मोठ्या कंपनीत किंवा विद्यापीठात कुणी रुजू झालं की त्याच्या नावाची एक नोंद तिथे तयार होते. संगणकावर लॉगिन करताना, ईमेल उघडताना, सहकाऱ्याचा नंबर शोधताना तीच नोंद वाचली जाते. तिथे तुमची नोंद नसेल, तर त्या संस्थेच्या संगणकांच्या लेखी तुम्ही नाहीच.

प्रत्येक नोंदीला रकाने असतात: नाव, आडनाव, फोन, पदनाम, ईमेल. कोणत्या प्रकारच्या नोंदीत कोणते रकाने असलेच पाहिजेत, कोणते ऐच्छिक आहेत, कोणत्या रकान्यात आकडे चालतील आणि कोणत्यात अक्षरं, हे ठरवणाऱ्या नियमांच्या संचाला स्कीमा म्हणतात. नवी नोंद आली की सर्व्हर ती स्कीमाशी ताडून पाहतो. जुळली तर घेतो, नाही जुळली तर परत पाठवतो. ‘सिस्टीम घेत नाही’ हे वाक्य अनेकदा इथे जन्माला येतं.

आता प्रश्न असा, की हे नियम ठेवायचे कुठे? नोंदींची एक वही आहे असं समजा. वही कशी भरायची याचे नियम वेगळ्या कागदावर लिहून साहेबांच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे, की त्याच वहीत, इतर नोंदींसारख्याच नोंदी करून लिहायचे? संगणकवाल्यांच्या दृष्टीनं ही सोयीची बाब आहे. माझ्या मते ती सत्तेचीही बाब आहे.

*

एक उदाहरण घेऊ. डिरेक्टरीची मूळ आंतरराष्ट्रीय मानकं १९८८ साली आली. त्यांचं नाव एक्स.५००. ती टेलिफोन आणि तार खात्यांच्या जागतिक संघटनेनं, म्हणजे सीसीआयटीटीनं, आयएसओ या मानक संस्थेबरोबर तयार केली. त्यांत ‘व्यक्ती’ या प्रकारच्या नोंदीची व्याख्या होती आणि त्या व्याख्येत दोन रकाने सक्तीचे होते: एक नाव आणि एक आडनाव. पुढे १९९० च्या दशकात मिशिगन विद्यापीठात याच कल्पनेची हलकी, सुटसुटीत आवृत्ती तयार झाली. तिला एलडॅप म्हणतात आणि आज जगभर तीच वापरात आहे. ‘व्यक्ती’ची व्याख्या तिनं जवळपास तशीच उचलली. २००६ साली सुधारून प्रसिद्ध झालेल्या मानकातही आडनाव सक्तीचंच आहे. रकाना नुसता कोरा सोडूनही चालत नाही, कारण या जातीच्या रकान्यात निदान एक अक्षर असावं लागतं.

म्हणजे मानकानुसार, ज्याला आडनाव नाही त्याची ‘व्यक्ती’ म्हणून नोंद होऊ शकत नाही.

हे कुठून आलं असावं ते समजणं अवघड नाही. टेलिफोन डिरेक्टरी आडनावांच्या क्रमानं छापली जायची आणि एक्स.५०० ही त्याच डिरेक्टरीची संगणकातली वारस होती. पण टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा सगळीकडे तशी नव्हती. आइसलँडमध्ये बहुतेकांना आपल्या अर्थानं आडनाव नसतं, आई किंवा वडिलांच्या नावावरून आलेलं उत्तरपद असतं. तिथली फोनची यादी पहिल्या नावाच्या क्रमानं लागते. तमिळनाडूत असंख्य लोकांचं नाव एका शब्दाचं असतं आणि त्याआधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर. या कोऱ्या जागेला इतिहासही आहे. पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीच्या १९२९ सालच्या चेंगलपट्टू परिषदेत नावामागची जातिवाचक पदं टाकून देण्याचा ठराव झाला आणि पुढच्या काही पिढ्यांनी तो पाळला. त्या माणसांच्या नावात आडनाव नाही, याचा अर्थ काहीतरी भरायचं राहिलं असा नाही. ते विचार करून काढून टाकलेलं आहे.

अशा माणसाची नोंद करायची वेळ येते तेव्हा ऑफिसातला कर्मचारी काय करतो? आडनावाच्या रकान्यात टिंब टाकतो, आडवी रेघ टाकतो किंवा तेच नाव दोनदा लिहितो. यंत्राचं समाधान होतं. मग तो माणूस पुढची दहा वर्षं प्रत्येक ईमेलमध्ये आपल्या नावापुढे एक टिंब पाहत राहतो. अमेरिकेच्या व्हिसावर एकच नाव असलेल्या माणसाच्या पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापतात. पहिलं नाव अज्ञात, असा त्याचा अर्थ. नाव अज्ञात मुळीच नसतं. ते शेजारच्याच रकान्यात लिहिलेलं असतं. अज्ञात असतं ते रकाना आखणाऱ्याला, की माणसांची नावं किती तऱ्हांची असतात.

*

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘आडनाव सक्तीचं’ हा नियम प्रत्यक्षात कुठे लिहिलेला असतो? याच्या ढोबळमानानं तीन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा फाइलची. ओपनएलडॅप हा मोफत उपलब्ध असलेला प्रसिद्ध सर्व्हर आहे. त्याच्या जुन्या रचनेत स्कीमा साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये असायचा. सर्व्हर सुरू होताना त्या वाचायचा. नियम बदलायचा तर त्या यंत्रावर प्रवेश असलेल्या माणसानं फाइल उघडायची, ओळ बदलायची, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायचा.

दुसरी तऱ्हा जाहीर सूचनेची. एलडॅपच्या १९९७ च्या मानकानं असं बंधन घातलं, की ज्या सर्व्हरवर लोकांना नोंदी बदलता येतात, त्यानं आपला स्कीमा एका खास नोंदीत वाचायला उपलब्ध करून दिलाच पाहिजे. कारणही साधं दिलं: काय चालतं आणि काय नाही, हे विचारणाऱ्याला कळायला हवं. पण ही खास नोंद इतरांसारखी नसते. साध्या शोधात ती समोर येत नाही. तिचा पत्ता आधी विचारून घ्यावा लागतो आणि हवे असलेले रकाने नाव घेऊन मागावे लागतात. सगळे नियम तिच्यात एकाखाली एक, लांबलचक ओळींच्या रूपात असतात.

तिसरी तऱ्हा मला सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी २००० साली विंडोज २००० बरोबर आली. तिच्यात स्कीमातली प्रत्येक व्याख्या ही एक स्वतंत्र नोंद आहे. जशी माणसाची नोंद, प्रिंटरची नोंद, तशीच ‘आडनाव’ या रकान्याची नोंद, तशीच ‘व्यक्ती’ या प्रकाराची नोंद. सगळ्या एकाच झाडाच्या फांद्यांवर. ज्या आज्ञेनं सहकाऱ्याचा फोन नंबर शोधायचा, त्याच आज्ञेनं विचारता येतं, की ‘व्यक्ती’मध्ये कोणते रकाने सक्तीचे आहेत. तिथे विचारलंत तर आडनाव सक्तीचं नाही, असं उत्तर मिळेल, कारण या डिरेक्टरीनं मानकाचा तो भाग घेतला नाही. ओपनएलडॅपनंही २००५ च्या सुमारास आपली मांडणी आणि तिच्याबरोबर स्कीमा डिरेक्टरीच्याच एका फांदीवर आणायला सुरुवात केली.

ही कल्पना डिरेक्टरीवाल्यांची एकट्यांची नाही. तक्त्यांच्या रूपात माहिती साठवण्याचा पाया घालणाऱ्या एडगर कॉड यांनी १९८५ साली ‘कॉम्प्युटरवर्ल्ड’ साप्ताहिकात खऱ्या रिलेशनल डेटाबेसच्या कसोट्या मांडल्या. त्यांतली चौथी कसोटी हीच आहे: डेटाबेसचं स्वतःचं वर्णनही इतर माहितीसारखंच तक्त्यांमध्ये ठेवलेलं असावं आणि अधिकार असलेल्याला ते त्याच भाषेत विचारता यावं. कॉड गणिती मनाचे होते. त्यांना त्यात नीटसपणा दिसला असेल. पण त्या नीटसपणाच्या पोटात एक नैतिक मागणीही आहे.

ती मागणी अशी. नियम जेव्हा सर्वसामान्य नोंद होतो, तेव्हा नोंदीला जे जे लागू होतं ते सगळं नियमालाही लागू होतं. त्याला पत्ता मिळतो. तो कधी तयार झाला आणि कधी बदलला याची तारीख मिळते. तो कुणी वाचावा आणि कुणी बदलावा याच्या परवानग्या त्याच्यावर वेगळ्या लावता येतात. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत लॉगिन केलेला कोणीही साधा कर्मचारी स्कीमा वाचू शकतो, हे मूळ मांडणीतच आहे. म्हणजे ज्याच्या आडनावाच्या जागी टिंब आहे, तो माणूस आपल्याच खात्यावरून विचारू शकतो: हे टिंब कोण मागतंय? खुद्द डिरेक्टरी, की तिच्यासमोर कुणीतरी बांधलेला फॉर्म? आणि त्याला उत्तर मिळतं. ‘सिस्टीम घेत नाही’ हे वाक्य तिथे टिकत नाही. त्याच्या जागी ‘अमुक ठिकाणी, अमुक दिवशी लिहिलेला हा नियम घेत नाही’ असं म्हणावं लागतं, किंवा ‘फॉर्म बनवणाऱ्यानं उगाच सक्ती केली’ असं. ही दोन्ही वाक्यं भांडता येण्याजोगी आहेत. पावसाशी भांडता येत नाही, नियमाशी येतं.

*

इथवर सगळं छान वाटतं. म्हणूनच जरा सावध व्हायला हवं. नियम नोंदीसारखा दिसू लागला म्हणजे तो नोंदीच्या बरोबरीला आला, असं होत नाही.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत स्कीमा वाचणं सर्वांना खुलं असलं, तरी लिहिणं अत्यंत मोजक्यांच्या हातात आहे. त्यासाठी एक वेगळा गट आहे आणि गरज नसेल तेव्हा तो गट रिकामा ठेवावा असा सल्ला दिला जातो. संस्थेत असे सर्व्हर पन्नास असले, तरी स्कीमातला बदल एका वेळी एकाच सर्व्हरवर स्वीकारला जातो. काही मूळ व्याख्यांचे काही रकाने तर त्या गटातल्या माणसालाही बदलता येत नाहीत. घर एकच असलं, तरी आतल्या खोलीची किल्ली वेगळीच आहे.

मग एकाच घरात आणून साधलं काय? माझं उत्तर असं, की किल्ली कुणाकडे आहे हे तरी आता बाहेरून दिसतं. सत्तेची वाटणी झालेली नाही, पण सत्ता नोंदवली गेली आहे. नोंदवलेली सत्ता आणि न नोंदवलेली सत्ता यांत मोठा फरक असतो. मात्र या फरकालाच समता समजण्याची चूक वारंवार होते, विशेषतः ‘आमचे सगळे नियम वेबसाइटवर आहेत’ असं सांगणाऱ्या संस्थांमध्ये.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत नोंदीच्या प्रत्येक प्रकाराची व्याख्या ही ‘प्रकाराची व्याख्या’ या प्रकारची नोंद असते. मग ‘प्रकाराची व्याख्या’ या प्रकाराची व्याख्या कुठे आहे? तीही तिथेच, शेजारी, आणि ती स्वतःच्याच प्रकारची नोंद आहे. ती जो नियम सांगते तो स्वतःही पाळते. कागदावर हे मोहक दिसतं. पण सर्व्हर पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा त्याला ही नोंद वाचायला आधी नोंद म्हणजे काय हे माहीत हवं आणि ते सांगणारी व्याख्या तर अजून वाचायची आहे. हा फेरा कुठेतरी तोडावाच लागतो. म्हणून काही मोजक्या व्याख्या प्रोग्राममध्येच कोरलेल्या असतात. ओपनएलडॅपमध्येही अगदी मूलभूत रकाने आणि प्रकार असे आतच बांधलेले आहेत. कितीही नियम वहीत आणले, तरी वही उघडायची कशी हे वहीच्या बाहेरच कुठेतरी असावं लागतं.

कायद्याच्या तत्त्वज्ञानात हाच फेरा जुना आहे. डेन्मार्कचे कायदेपंडित आल्फ रॉस यांनी १९६९ साली ‘माइंड’ या नियतकालिकात तो मांडला. राज्यघटनेत घटनादुरुस्ती कशी करायची याचं एक कलम असतं. त्या कलमानं सांगितलेल्या पद्धतीनं तेच कलम बदललं, तर ते वैध कसं? स्वतःचाच आधार घेऊन स्वतःला बदलणारा नियम रॉस यांना तर्कदृष्ट्या मान्य नव्हता. त्यांच्या मते अशा वेळी आपण घटनेच्या मागे उभा असलेला, कुठेही न लिहिलेला आणखी एक नियम गृहीत धरत असतो.

भारतात हा वाद कागदावर राहिला नाही. आपल्या घटनेत दुरुस्तीचा नियम ३६८ व्या कलमात, म्हणजे घटनेतच आहे. १९७१ च्या चोविसाव्या दुरुस्तीनं त्या कलमाच्या आधारे तेच कलम बदललं आणि संसदेचा दुरुस्तीचा अधिकार वाढवला. मग केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांसमोर ६८ दिवस युक्तिवाद झाले. एका बाजूला नानी पालखीवाला, दुसऱ्या बाजूला होर्मसजी सीरवाई, दोघेही मुंबईचे वकील. २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा अशा मतांनी निकाल लागला: संसद घटनेचा कोणताही भाग बदलू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं ३६८ व्या कलमातच लिहून टाकलं, की कोणत्याही घटनादुरुस्तीला न्यायालयात आव्हान देता येणार नाही. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात ती भर रद्द झाली.

मूलभूत चौकट म्हणजे काय काय, याची यादी घटनेत नाही. ती प्रोग्राममध्ये कोरलेल्या व्याख्यांसारखी आहे: सगळं तिच्यावर उभं आहे आणि ती स्वतः नोंदीत नाही. या सिद्धांतानं देशाचं भलं केलं असं मला वाटतं. तरीही त्यावरचा सर्वांत रास्त आक्षेप हाच आहे, की जे बदलता येत नाही ते निदान लिहिलेलं तरी असावं.

आपल्याकडच्या व्याकरणपरंपरेनं ही अडचण फार आधी ओळखली होती. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रं आहेत. शब्द कसा घडतो हे सांगणारी सूत्रं जशी त्यांत आहेत, तशी संज्ञांची व्याख्या करणारी संज्ञासूत्रंही आहेत आणि सूत्रं कशी वाचावीत हे सांगणारी परिभाषासूत्रंही. सगळी एकाच घाटाची, एकाच क्रमांकात. नियमांचे नियम वेगळ्या पोथीत नाहीत. पण तेवढ्यानं भागलं नाही. सूत्रांचा अर्थ लावताना वैयाकरणांना आणखी कितीतरी परिभाषा गृहीत धराव्या लागत होत्या, ज्या पाणिनीनं लिहिल्याच नव्हत्या. अठराव्या शतकात नागेशभट्टानं, काशीत राहणाऱ्या महाराष्ट्रीय घराण्यातल्या पंडितानं, ‘परिभाषेंदुशेखर’ हा ग्रंथ लिहून त्या एकत्र केल्या आणि एकेकीची छाननी केली. परिभाषा मानायची तर तिला आधार दाखवायचा, असा त्यामागचा दंडक होता. अनेक परिभाषांचा आधार ‘ज्ञापक’ असे: ही परिभाषा मानली नाही तर पाणिनीचं अमुक सूत्र निरर्थक ठरेल, म्हणून ती त्याला मान्य असली पाहिजे. मूलभूत चौकट शोधणारे न्यायाधीश याहून फार वेगळं काही करत नाहीत.

मला यातून एवढंच घ्यायचं आहे, की वहीबाहेर काही नियम राहणारच. ते राहिले म्हणून कुणाची अप्रामाणिकता सिद्ध होत नाही. ते थोडे असावेत, कोणते आहेत ते सांगितलेलं असावं आणि ते बाहेर का ठेवले याचा आधार मागता यावा, ही खरी अपेक्षा. ओपनएलडॅपचा कोरलेला भाग निदान कोणालाही उघडून वाचता येतो, कारण त्याचा सगळा प्रोग्रामच खुला आहे. प्रोग्राम बंदिस्त असेल, तर वहीतल्या नियमांचा पारदर्शकपणा एका बंद दारापाशी येऊन थांबतो.

*

नियम सामान्य नोंद झाला की आणखी एक भीती उभी राहते. नोंद बदलणं सोपं असतं. फोन नंबर बदलला, खोडून नवा लिहिला. नियमही तितक्याच सहज खोडता आला तर?

ॲक्टिव्ह डिरेक्टरीनं यावर दिलेली उत्तरं मला एखाद्या नीतिग्रंथात शोभतील अशी वाटतात, जरी ती देणाऱ्यांच्या मनात नीती नसेल. एक: स्कीमातली व्याख्या पुसता येत नाही. ती निवृत्त करता येते. तिच्यावर ‘आता वापरात नाही’ अशी खूण होते, पण ती जागेवर राहते. कारण साधं आहे. त्या व्याख्येनुसार भरलेल्या जुन्या नोंदी अजून असू शकतात आणि व्याख्याच नाहीशी झाली तर त्या नोंदींचा अर्थ लागणार नाही. दोन: एकदा तयार झालेल्या प्रकारात नवा सक्तीचा रकाना घालता येत नाही. ऐच्छिक घालता येतो. उद्या ‘व्यक्ती’मध्ये एखादी नवी सक्ती आणली, तर आज नियमाप्रमाणे असलेली हजारो माणसं एका रात्रीत नियमबाह्य ठरतील, काहीही न करता.

फौजदारी कायद्यात आपण हेच तत्त्व मानतो. कृत्य केलं तेव्हा जो गुन्हा नव्हता, त्यासाठी नंतर शिक्षा करता येत नाही, असं घटनेचं विसावं कलम सांगतं. कागदपत्रांच्या जगात हे तत्त्व फारसं कुणाच्या लक्षात येत नाही, पण कधी कधी ते पाळलं जातं. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं सरकारी कागदपत्रांत आईचं नाव लावणं बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला: आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. हा स्कीमातला बदल आहे आणि चांगला बदल आहे. त्यातली सर्वांत शहाणी गोष्ट म्हणजे तो १ मे २०२४ पासून पुढे जन्मलेल्यांना लागू झाला. माझ्या तुमच्या जुन्या दाखल्यांवर आईचं नाव नाही म्हणून ते दाखले रद्द झाले नाहीत. हेही पाहण्यासारखं आहे, की आईला जागा देणाऱ्या त्या नव्या रचनेतही शेवटचा रकाना आडनावाचाच राहिला.

तेव्हा नियमांना नोंदींच्या घरात आणायचं, पण त्यांना पुसण्याची सोय द्यायची नाही, असा हा मधला मार्ग आहे. त्याची किंमत मोजावी लागते. मोठं सॉफ्टवेअर बसवताना ते डिरेक्टरीत आपल्या शेकडो व्याख्या घालतं. पुढे ते काढून टाकलं तरी व्याख्या मागे राहतात. घरात कुणी न वापरणारी भांडी माळ्यावर साठावीत तसं होतं. पण चुकीचा नियम पुसून ‘तो कधी नव्हताच’ असं म्हणण्यापेक्षा ‘तो होता, आता नाही’ असं लिहून ठेवणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. ज्यांना त्या नियमाचा त्रास झाला, त्यांच्या त्रासाचा तो एकमेव पुरावा असू शकतो.

*

या सगळ्यावर एक दमदार आक्षेप आहे आणि तो फाइलवाल्यांचा आहे. ते म्हणतात, आम्हाला फाइलच बरी. फाइलीत ओळीशेजारी टिप्पणी लिहिता येते: हा नियम अमुक कारणासाठी घातला, अमुक ठिकाणी अडचण आली म्हणून बदलला. हल्ली अशा फाइली आवृत्त्या सांभाळणाऱ्या यंत्रणेत ठेवतात. प्रत्येक बदल कुणी केला, कुणी तपासला, त्यावर काय चर्चा झाली, सगळं राहतं. तुमच्या नोंदीत काय राहतं? तारीख, फार तर वर्णनाची एक ओळ. ‘कधी’ कळतं, ‘का’ कळत नाही.

हा आक्षेप मला मान्य आहे. आडनावाच्या नियमाचंच बघा. १९८८ पासून तो मानकात आहे, सर्वांना वाचायला खुला आहे, त्याला स्वतःचा क्रमांकही आहे. पण आडनाव सक्तीचं का, याचं कारण त्या व्याख्येत नाही. टेलिफोन डिरेक्टरीचा अंदाज आपण बाहेरून करतो. कारण लिहिलेलं असतं, तर ‘छापील यादीचा क्रम लावण्यासाठी’ हे वाचून कुणीही म्हटलं असतं, की आता यादी छापत नाही, मग ही सक्ती कशाला? कारण नसलेला नियम कालबाह्य होऊ शकत नाही, कारण तो कोणत्या काळासाठी होता हेच माहीत नसतं.

पण फाइलीचीही एक मर्यादा आहे. ती टिप्पणी आणि ती चर्चा ज्यांच्यापाशी असते ते नियम लिहिणारे असतात. टिंबवाला माणूस तिथे पोहोचत नाही. त्याच्या हातात डिरेक्टरीचं खातं असतं, फाइलींच्या यंत्रणेचं नसतं. ‘का’ एका घरात आणि ‘काय’ दुसऱ्या घरात, अशी ही फाळणी आहे. खरं तर नियमाच्या नोंदीलाच कारणाचा एक रकाना असायला हवा होता, आणि सक्तीचा करायचाच होता तर तो. माणसाला आडनाव असो वा नसो, पण कुणाच्या वाटेत उभ्या राहणाऱ्या नियमाला कारण असलंच पाहिजे.

नियम नोंद झाल्यानं अन्याय थांबत नाही. नियम लिहिणारा बदलत नाही, किल्ली दुसऱ्याच्या हातात जात नाही. पण नियम ज्या भाषेत, ज्या वहीत आणि ज्या परवानग्यांखाली माणसांना उभं करतो, तिथेच त्यानंही उभं राहावं, एवढी अपेक्षा आपण करू शकतो. दुसऱ्याकडून नाव, आडनाव, जन्मतारीख आणि पत्ता मागणाऱ्यानं आपलंही नाव, तारीख, पत्ता आणि येण्याचं कारण सांगावं. पुढच्या वेळी खिडकीपलीकडून ‘सिस्टीम घेत नाही’ असं ऐकू आलं, तर त्या कर्मचाऱ्यावर चिडण्यात अर्थ नाही. त्याला शांतपणे विचारावं: कोणता रकाना घेत नाही, आणि तसं कुठे लिहिलंय? उत्तर त्यालाही ठाऊक नसेल. पण प्रश्न विचारला गेला, की शोधाशोध करणारे तुम्ही दोघं होता.